उद्यमनगरातले लेथ मिस्त्री, काकांचा एनलार्जर आणि गंगावेशीतली म्हैस

सरळ सांगतो, पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो कशासाठी ते पुढं येईलच, आणि ते मिस्त्रींना तोंडावर सांगून झालंय त्यामुळं पाठीमागं बोलल्यासारखं नको. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण दुकानाला नावच नाही. बोर्ड नाही, कार्ड नाही, पत्र्याचं शेड, दारात लोखंडाच्या बुऱ्याचं पोतं आणि आत दोन लेथ, एक ड्रिल मशीन. मोबाईल आहे पण "नंबर कुणाला देऊ नका, हाय ती जॉब उरकंनात" असं बजावलंय. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आत शिरून चार जणांना "जुनं मशीन दुरुस्त करणारे म्हातारे मिस्त्री" म्हणून विचारा, तिसरा माणूस हात दाखवतो, माझा अनुभव आहे.

मशीन काकांचं. महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत काकांचा फोटो स्टुडिओ होता, डिजिटल आलं तसा बंद पडला आणि एनलार्जर, म्हणजे निगेटिव्हवरनं मोठा फोटो काढायचं मशीन, जुन्या धोतरात गुंडाळून शाहूपुरीतल्या घराच्या माळ्यावर गेला. २०१९ च्या महापुरात खालच्या खोलीत छातीभर पाणी होतं, माळ्यापर्यंत पाणी पोचलं नाही पण ओल पोचली. गेल्या दिवाळीत काकू म्हणाली, "घेऊन जा नायतर भंगारात घालती." घेऊन आलो. कंपनीची पट्टी कधीच निघून गेलेली त्यामुळं कुठल्या कंपनीचं ते काकांनाही आठवत नाही, "मुंबईवरनं सेकंडहँड आणल्तं" एवढंच. ३५ एमएम आणि रुंद १२० दोन्ही फिल्म चालणारं, दोन कंडेन्सरवालं (दिव्याचा उजेड एकवटणारी भिंगं), चांगलं वजनदार काम.

अवस्था सांगतो. हेड, म्हणजे दिवा आणि लेन्सचा वरचा भाग, वर सरकवून हात काढला की हळूहळू आपोआप खाली, देवाला नमस्कार केल्यासारखं. फोकसचं चाक फिरवलं की पितळी पिनियनचे (छोट्या दातेरी चाकाचे) दात झिजल्यामुळं मधे एका ठिकाणी नुसतंच गरागरा फिरायचं. निगेटिव्ह आणि लेन्सच्या मधल्या घडीच्या भात्याला बारीक भोकं. कंडेन्सरच्या आत बुरशीचं कोळ्याचं जाळं. लेन्स बोर्डाची रिंग कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घालून फोडलेली. वायर कापडी वेष्टणाची, हात लावला की पोपडे पडायचे आणि बॉडीला अर्थिंग नाही. म्हणजे अंधारात ओल्या हातानं लोखंडी मशीन धरायचं आणि त्यात करंट, छान.

आधी गावातल्या एका कॅमेरा रिपेअरवाल्याकडं गेलो. त्यानं न बघताच सांगितलं की हे आता हॉटेलात शोभेला ठेवायला द्या, तांबडा-पांढरा खाताना लोक सेल्फी काढतील. राग आला पण खरं सांगायचं तर त्याचाही दोष नाही, त्याच्याकडं लेथ कुठाय. या मशीनमधला इलेक्ट्रॉनिक्सचा भाग म्हणजे एक बल्ब आणि एक बटण, बाकी सगळं लोखंड, पितळ, काच आणि कापड. हे काम टर्नरचं आहे हे माझ्या डोक्यात यायला दोन महिने गेले. आणि कोल्हापुरात ते डोक्यात यायला दोन महिने लागावेत ही लाजच आहे, कारण बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांमागं याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, खरी कॉर्नरला त्याच्या आठवणीचा कॅमेऱ्याचा स्तंभ उभाय, मी त्याच्यासमोरनं रोज गाडीवरनं जातो.

मिस्त्रींनी आधी मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग विचारलं, "हे करतंय काय?" मी समजावायला लागलो, निगेटिव्ह इथं घालायची, वरनं लाईट, खाली कागद. ते म्हणाले, "म्हंजे प्रोजेक्टर उलटा टांगलाय." बरोबर आहे की. मग एकच प्रश्न, आणि हा प्रश्न मला त्या कॅमेरावाल्यानं विचारला नव्हता: "ह्यात कुठली जागा अचूक पायजे आणि कुठली चालवून घेतली तर चालतीय?"

मी सांगितलं तीन सपाट्या एकमेकींना समांतर पाहिजेत, निगेटिव्हची जागा, लेन्सची जागा आणि खालचा बोर्ड. यातली एक जरी तिरकी झाली तर फोटोचा एक कोपरा फोकसमध्ये आणि समोरचा गेलेला. बाकी रंग उडाला, दांडा गंजला, काय फरक पडत नाही.

पिनियन त्यांनी पितळेचंच केलं. जुनं मोजलं, झिजलेल्या दातावरनं नाही तर बाजूच्या न वापरलेल्या टोकावरनं, जिथं दात अजून मूळ मापात होते. दात पाडायचं काम शेजारच्या शेडमध्ये दिलं, बुश आणि शाफ्ट स्वतः केला. आता चाक फिरवलं की लोण्यातनं सुरी गेल्यासारखं जातं आणि जिथं सोडलं तिथं थांबतं.

खरी मजा लेन्सच्या रिंगेची झाली आणि त्यात चूक माझी. एनलार्जरच्या बहुतेक लेन्सना ३९ मिलिमीटरचा आटा असतो. मी मिस्त्रींना सांगितलं, ३९ एमएम, आट्याचं अंतर १ एमएम. त्यांनी दिवसभरात रिंग पाडून दिली, सुंदर, आरशासारखी. लेन्स लावली, दोन फेरे मस्त गेली आणि तिसऱ्याला अडकली. मी जोर लावणार तेवढ्यात त्यांनी मनगट धरलं. "जोर लावायचा न्हाई पावणं. आटा बोलालाय, ऐका की." थ्रेड गेज काढलं, पात्या एकेक करून लेन्सच्या आट्याला लावून बघितल्या, उजेडाकडं धरून. १ एमएमच्या पातीला फट दिसत होती, केसाएवढी पण दिसत होती. शेवटी इंची गेजमधली २६ ची पाती चपखल बसली. म्हणजे व्यास मिलिमीटरमध्ये आणि आटे इंचाला २६! मी घरी येऊन बघितलं तर खरंच, लायका कॅमेऱ्याचा जुना स्क्रू माउंट असाच आहे आणि एनलार्जरच्या लेन्सनी तोच उचलला. २५.४ ला २६ नं भागा, ०.९७७ येतं. एका आट्याला फरक मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागापेक्षाही कमी, पण तिसऱ्या-चौथ्या आट्याला तो साचतो आणि लेन्स अडकते. जोर लावला असता तर लेन्सचे आटे गेले असते आणि लेन्स परत मिळत नाही.

आता नव्या मिलिमीटरवाल्या लेथवर इंची आटा पाडायचा तर वेगळं गिअर लागतं. मिस्त्रींचा थोरला लेथ इतका जुना आहे की त्याचा लीड स्क्रूच (आट्याचं अंतर ज्याच्यावर ठरतं तो दांडा) इंची. "बघा, म्हाताऱ्याचा उपेग झाला का न्हाई," असं लेथच्या डोक्यावर थाप मारून म्हणाले. आधी रद्दी तुकड्यावर आटा पाडून बघितला, मग रिंगेवर. लेन्स एका बोटानं फिरवली तर शेवटपर्यंत गेली. पहिल्या रिंगेचे पैसे घेतले, बरोबरच आहे, माप मी चुकीचं दिलं होतं. तेव्हा तुम्ही जाताना माप सांगू नका, वस्तू न्या. लेन्स न्या, मोडकी रिंग न्या, जिथं बसवायची तो भाग न्या. हे वाचून एवढं एक जरी लक्षात ठेवलं तरी माझं सहाशे रुपयाचं पितळ वसूल झालं.

समांतर करायचं काम मी घरी आरशानं करणार होतो, एक आरसा निगेटिव्हच्या जागी, एक खाली, मधल्या भोकातनं बघायचं, प्रतिबिंबाची रांग एका रेषेत आली की झालं. मिस्त्री म्हणाले कशाला, आणि चुंबकाच्या स्टँडवर डायल गेज लावून बोर्डावर चारी कोपरे फिरवून दाखवले. एका कोपऱ्यात काटा चार थाऊ (इंचाचे चार हजारांश) खाली. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून एका स्क्रूखाली घातला, काटा जागेवर. तेवढाच तो पत्रा, म्हणजे ०.१ एमएम. नाद खुळा काम.

आता तक्रारी. पहिली, ग्रीस. मिस्त्रींचा स्वभाव असा की जिथं लोखंडाला लोखंड लागतं तिथं ग्रीस. उभ्या दांड्यालापण लावलं, आणि हा दांडा घर्षणावर हेड धरतो. घरी आणून हेड वर केलं, हात काढला, परत देवाला नमस्कार. रॉकेल नाही मिळत म्हणून पेट्रोलच्या चिंधीनं पुसून काढण्यात एक रविवार गेला, घरभर वास, बायकोचं बोलणं वेगळं. दिव्याच्या जवळ ग्रीस अजिबात नको, गरम झालं की त्याची वाफ कंडेन्सरवर बसते. सांगून ठेवा.

दुसरी, वायदा. "आठ दिवसात या" म्हणाले. आठ दिवसांनी गेलो तर कुठल्यातरी फौंड्रीचा अर्जंट जॉब. पुढच्या आठवड्यात जोतिबाची यात्रा, शेड बंद. त्याच्या पुढच्या आठवड्यात मिस्त्री यात्रेतनं आल्यावर पाय दुखतात म्हणून घरी. पाच आठवडे लागले. एकूण खर्च २,३०० रुपये, माझ्या चुकीच्या रिंगेसकट, आणि मला तो कमीच वाटला, पण पाच आठवडे म्हणजे पाच आठवडे. स्टार इथं गेला.

वायरिंग, भाता आणि काचा मी घरीच केल्या. तीन पिनचा प्लग, बॉडीला अर्थिंग, यात काटकसर करू नका. भात्याची भोकं शोधायला आत टॉर्च घालून रात्री अंधारात बघितलं, चांदण्या दिसल्या तिथं आतनं काळं कापड आणि रबर सोल्यूशन. कंडेन्सर सौम्य साबणानं धुऊन हायड्रोजन पेरॉक्साइडनं बुरशी काढली. परत बसवताना दोन्हीच्या फुगीर बाजू समोरासमोर येतात, मी एक उलटी बसवली होती आणि फोटोच्या कडेनं अंधार पडत होता, अर्धा तास मिस्त्रींना मनातल्या मनात शिव्या दिल्या आणि मग कळलं की शहाणा मीच. दुधी काचेचा एनलार्जर बल्ब गावात मिळाला नाही, नऊ वॉटचा एलईडी लावला. त्याच्या डोक्यावर कंपनीचं नाव छापलेलं असतं, ते कंडेन्सर इमानदारीनं खाली कागदावर पाठवतो, मधोमध एक पुसट डाग. स्पिरिटनं अक्षरं पुसली, डाग गेला.

मशीन दुरुस्त झालं हे चालू करून कळत नाही. प्रिंट खराब आली तर दोष मशीनचा का फिल्मचा का पाण्याचा का आपल्या हाताचा हे वेगवेगळं करावं लागतं, नाहीतर माणूस फिल्म बदलत बसतो आणि दोष असतो रिंगेत. पहिल्यांदा सेफलाइट, म्हणजे कागद खराब न करणारा डार्करूमचा दिवा. काकांचा लाल डबा होता, त्याच्या काचेचा रंग उडून नारंगी झालेला. कागदाला एनलार्जरखाली अगदी ओझरता उजेड दाखवला, जेमतेम फिकी करडी छटा येईल एवढा, मग त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून सेफलाइटखाली पाच मिनिटं, आणि मग डेव्हलप केला. नाण्याचा पांढरट गोल उमटला, म्हणजे सेफलाइट कागद खराब करतोय. नवा लाल दिवा आणला, परत नाणं, गोल नाही. ओझरता उजेड न दाखवता ही टेस्ट केली तर कागद खोटं बोलतो, कोऱ्या कागदाला थोडा उजेड पचतो, फोटो पडलेल्या कागदाला पचत नाही. (काकांच्या कपाटात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' कागदाचं न फोडलेलं पाकीट सापडलं होतं. लई आशेनं फोडलं. पूर्ण अंधारात डेव्हलप केला तरी पावसाळी आभाळासारखा सगळा राखाडी. काका म्हणाले, "माझ्यासारखाच झालाय, मुदत संपलेला.")

मग फिल्म. दोन घेतल्या, इलफर्डची एचपी५ प्लस आणि चेकोस्लोव्हाकियाच्या काळापासनं चालत आलेल्या फोमा कंपनीची फोमापॅन ४००. डब्यावर दोन्हींना ४०० लिहिलेलं, ही फिल्मची स्पीड, आकडा मोठा तेवढा कमी उजेड पुरतो. फोमा स्वस्त पडते म्हणून मला ती आवडून घ्यायची होती. टेस्टसाठी पुस्तकात सांगतात की करड्या कार्डाचा फोटो काढा. मला असं काहीतरी पाहिजे होतं ज्यात एकाच फ्रेममध्ये गडद काळं आणि शुभ्र पांढरं आहे आणि दोन्हीत पोत आहे, आणि कोल्हापुरात याचं उत्तर एकच, गंगावेशीतला दूध कट्टा. काळी म्हैस, खाली पितळी भांड्यात धार आणि वर दुधाचा फेस. म्हशीच्या पोटावरचे केस दिसले पाहिजेत आणि फेसाचे बुडबुडेपण. याच्यापेक्षा चांगलं टेस्ट कार्ड जगात कुणी छापलेलं नाही.

संध्याकाळी, ऊन गेल्यावर, सावलीत. शटर जुना, त्याचा भरवसा नाही, म्हणून सगळ्या फ्रेम एकाच स्पीडला, एक साठांशला, आणि उजेड फक्त लेन्सचं भोक लहान-मोठं करणाऱ्या अ‍ॅपर्चरनं कमी-जास्त. असं केलं की शटर चुकत असला तरी सगळीकडं सारखाच चुकतो. लाईट मोजली थेट म्हशीच्या पोटावर आणि तिथनं दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी केली, कारण मीटरला म्हैसपण करडीच वाटते. एक फ्रेम टोपी लावून कोरी, मग फिल्म ४०० आहे असं धरून एक, ३२० धरून, २५०, २००, १००. मालक बराच वेळ बघत होता, शेवटी म्हणाला, "म्हशीचं आधार कार्ड काढालाय व्हय?" अर्धा लिटर दूध प्यायलो, मग गप्प बसला.

रोल धुवायला डेव्हलपर घरीच केला, डी-७६. कोडॅकचा १९२० च्या दशकातला फॉर्म्युला, लपवाछपवी काही नाही: लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. क्रम मात्र पाळायचा, आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग बाकीचं सल्फाइट. पूर्ण सल्फाइट आधी घातलं की मेटॉल विरघळायचं नाव घेत नाही, तळाला बसून तुमच्याकडं बघत राहतं.

अडचण मे महिन्याची. सगळे तक्ते २० डिग्रीचे आणि आमच्या टाकीचं पाणी ३० ला. बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवून २४ ला आणलं आणि तिथंच राहू दिलं, कारण २० ला आणलं तरी दहा मिनिटात वर चढतंच, त्यापेक्षा जे टिकवता येईल ते घ्यावं. एचपी५ ला डी-७६ अर्धं पाणी घालून २० डिग्रीला ११ मिनिटं सांगतात, २४ ला मी साडेसात धरली. पातळ करूनच वापरा, उन्हाळ्यात घट्ट डेव्हलपरची वेळ पाच मिनिटांच्या आसपास येते आणि तेवढ्यात एकसारखं धुणं होत नाही, आभाळावर पट्टे येतात. चेंजिंग बॅगमध्ये (उजेड न शिरणाऱ्या पिशवीत) हाताला घाम, फिल्म गुंडाळायच्या ओल्या स्पूलवर फिल्म चिकटते, त्यासाठी पहाटे पाचला रोल भरला. स्पूल आदल्या दिवशी जुन्या टूथब्रशनं घासून उन्हात वाळवायचा. फिक्सर (फिल्म पक्की करणारं रसायन) चांगला आहे का ते बघायला कॅमेऱ्यात भरताना कापलेलं फिल्मचं शेपूट त्यात टाकायचं, ते किती वेळात स्वच्छ होतंय बघायचं आणि त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करायचं. वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका, शेवटी पंचगंगेतच जातो, आणि त्यात चांदी असते. लोखंडी काथ्या टाकून ठेवला की चांदी काळ्या चिखलासारखी खाली बसते. चांदीच्या कामाच्या हुपरीत राहणाऱ्या मित्राला हा डबा दाखवला, तो म्हणाला एवढ्या चांदीत बाळाच्या वाळ्याची घुंगरीपण व्हायची नाही. असू दे.

आता प्रिंट. इथं मशीन आणि फिल्म एकत्र तपासली जातात. एनलार्जरची उंची ठरवून, अ‍ॅपर्चर ८ ला, खाली कागदावर निगेटिव्हच्या पट्ट्या थेट ठेवून वर काच, याला कॉन्टॅक्ट म्हणतात. कोऱ्या फ्रेममधनं कागद पूर्ण काळा व्हायला कमीत कमी किती सेकंद लागतात ते दोन-दोन सेकंदाच्या पट्ट्या मारून शोधलं, १४ सेकंद आले. त्याच्यापुढं काळं आणखी काळं होत नाही. मग सगळा रोल त्याच १४ सेकंदाला कॉन्टॅक्ट. आता कारण सांगायला जागा नाही, ज्या फ्रेममध्ये म्हशीच्या पोटावरचे केस दिसतात तीच फिल्मची खरी स्पीड. एचपी५ ला ४०० वालीतच केस दिसले. फोमाला ४०० वालीत म्हैस म्हणजे नुसतं भोक, ३२० ला शंका, २५० ला थोडे, २०० ला व्यवस्थित. म्हणजे डब्यावर ४०० असलं तरी माझ्या हातात, माझ्या पाण्यात फोमा २०० ची फिल्म. पण २०० ला काढून तेवढाच वेळ धुतली तर दुधाचा फेस जळून पांढराफटक. दुसरा रोल साधारण एक मिनिट कमी धुतला, फेसात बुडबुडे आले. दाणे एचपी५ पेक्षा ठळक, पण दगडी भिंती, घाट, रंकाळ्यावरची संध्याकाळ याला तो खरबरीतपणा मला आवडला. रात्रीचं मात्र फोमानं काढू नका, लांब एक्सपोजरला ती फार मंद होते, मीटर १० सेकंद म्हणाला तर कंपनीच ६० द्यायला सांगते.

आणि इथंच घोळ समोर आला. कॉन्टॅक्टवर म्हैस काळी कुळकुळीत. तीच फ्रेम, फेस पांढरा राहील एवढाच उजेड देऊन, मोठी केली तर म्हैस राखाडी, धुक्यात उभी असल्यासारखी. माझी पहिली प्रतिक्रिया, फिल्म बेकार. पण तीच निगेटिव्ह, तोच कागद, तोच डेव्हलपर, कॉन्टॅक्टला बरोबर आली होती. शिवाय कंडेन्सरवाल्या मशीनवर मोठा फोटो उलट थोडा जास्तच कडक, म्हणजे काळं-पांढरं ठळक, यायला पाहिजे. म्हणजे निगेटिव्ह आणि कागदाच्या मधे कुठंतरी उजेड सांडतोय. लेन्स काढून पुसली, तेच. मग लाईट लावून लेन्सच्या बाजूनं वर डोळा लावून बघितलं आणि दिसलं, मिस्त्रींची आरशासारखी पितळी रिंग, आतनं सोन्यासारखी चमकत होती. सगळा सांडलेला उजेड त्या चकचकीत कडेवर आपटून खाली कागदावर पसरत होता आणि फेस मळवत होता, फेस वाचवायला उजेड कमी दिला की म्हैस राखाडी.

रिंग घेऊन परत उद्यमनगर. मी म्हटलं, "मिस्त्री, फिनिशिंग जरा जास्तच झालं." ते खरंच दुखावले. चाळीस वर्षांत फिनिशिंग जास्त झालं म्हणणारा मी पहिलाच. मग त्यांना दोन्ही प्रिंट दाखवल्या, काळी म्हैस आणि राखाडी म्हैस. चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले, मग रिंग डोळ्याला लावून दारातल्या उजेडाकडं बघितली, फिरवली, "हां," म्हणाले. काही न बोलता रिंग लेथला लावली आणि आतल्या सपाट कडेवर बारीक बारीक आटे पाडले, कशालाही न लागणारे, नुसते खाचांसाठी. उजेड त्या खाचेत जाऊन अडकतो, सरळ परत येत नाही. वरनं शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग. पैसे घेतले नाहीत. घरी येऊन तीच फ्रेम मारली आणि म्हैस काळी झाली, पोटावरचे केस मोजून घ्या.

ती प्रिंट मिस्त्रींना नेऊन दिली. त्यांनी ती लेथच्या मागच्या भिंतीवर, मायक्रोमीटरच्या खिळ्याला, तेल उडणार नाही अशा उंचीवर लावलीय. कोण गिऱ्हाईक आलं की म्हैस दाखवून सांगतात, "ह्यो कोपरा बघा आनि त्यो कोपरा बघा, दोनी शार्प हायती." म्हशीबद्दल अवाक्षर नाही.

काकांचा जुना घड्याळी टायमर, काटा पडल्यावर बत्ती बंद करणारा, तोही त्यांच्याकडं टाकलाय. स्प्रिंग तुटलीय. आठ दिवसात देतो म्हणालेत, त्याला आज तीन आठवडे झाले.